छातीच्या उंचीवर

पुण्याहून आलेला पोरगा म्हणाला,
घेर मोजायचा तो छातीच्या उंचीवर.
ठकूबाई गेंगजे टेप धरून उभी होती.
"कुणाच्या छातीच्या? माझ्या का तुझ्या?"
पोरगा लाजला. काठी मागितली, वाळलेलीच आणा म्हणाला,
एकशे सदतीस सेंटिमीटरवर लाल खूण केली.
खूण ठकूबाईच्या ओठांशी आली.
अडीच महिने आम्ही बाया
ओठांच्या उंचीवर रान मोजत हिंडलो.

मी समितीची सचिव, बारावी झालेली म्हणून.
नंबर, जात, घेर, शेरा.
शेऱ्यात काय लिहायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.
मी लिहीत गेले:
हा हिरडा सुभद्रा लोहकरेचा, मोसमाला दोन पाट्या.
या उंबराखाली लाखूबाबा तळप्यांना बिबट्या आडवा गेला.
हा ऐन कोळसेवाल्यांनी निम्मा घातला होता,
बाया बुंध्याला मिठी घालून बसल्या, तेव्हा राहिला.
पोरगा मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला,
"ताई, हा रकाना वर जात नाही."

कुठल्याशा विमानकंपनीनं आमची हवा घेतली.
पहिला हप्ता आला, घरटी सातशे चाळीस.
ग्रामसभेत रात्री अकरापर्यंत भांडण:
कुणाला लग्नाची भांडी, कुणाला टाकीची दुरुस्ती,
घोडेगावला राहणाऱ्या किसनला त्याचा वाटा रोख.
ठकूबाई मागून म्हणाली,
"रान आपलं, धूर त्यांचा.
मग त्याला मदत काय म्हणता? भाडं म्हणा की."
इतिवृत्तात मी 'भाडं' लिहिलं.
पुण्याच्या ऑफिसनं खोडून 'लाभ' केलं.

करारात एक ओळ होती, मी वाचूनही दाखवली होती:
तीस वर्षं उभं झाड पाडायचं नाही,
पडलेलं हलवायचं नाही.
लाखूबाबा म्हणाले, "एकतीस वर्षं काठी फिरतीय की."
संध्याकाळी काठी ज्याच्या दाराशी, उद्याची राखण त्याची.
असं कुणी पैसे देण्याच्या आधीपासून.
बिल्ले ठोकायचं काम त्यांनी मागून घेतलं.
टिनाचा बिल्ला, एकच खिळा,
आणि तोही वाकडा, सालीला लागू नये म्हणून.

श्रावणात गेले. काठी त्यांच्याच दाराशी होती.
गोवऱ्या भिजलेल्या, डिंभ्याकडची वाट खचलेली,
घरातली फाटी दोन दिवस पुरतील, सरणाला नाही.
वरच्या अंगाला दोनशे बारा नंबरचा ऐन
वैशाखाच्या वादळात पडून वाळला होता,
पडवीसारख्या कड्याखाली, कोरडा.
सगळे माझ्याकडे बघत राहिले.
वही माझ्याकडे होती ना.
मी म्हटलं, आणा.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो.
राखेत हात घातला तर थोरल्याच्या बोटांना
अस्थींच्या आधी बिल्ला लागला.
काळा पडलेला. दोन, एक, दोन,
अंगठ्यानं पुसल्यावर वाचता आला.
घोडनदीत सगळं सोडलं,
बिल्ला तेवढा त्यानं माझ्या हातात दिला.
का, ते त्यानं सांगितलं नाही.

दिवाळीनंतर पोरगा पुन्हा आला.
दोनशे अकरा सापडला, दोनशे तेरा सापडला.
मधल्या जागी उभा राहून
तो मोबाइल आकाशाकडे धरून फिरवत राहिला.
मी वहीतून बिल्ला काढून त्याच्या तळहातावर ठेवला
आणि सांगितलं.
तो बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, कारण भरावं लागतं, ताई,
नाहीतर पुढचं पान उघडत नाही.
वणवा. कीड. वादळ. चोरटी तोड.
आम्ही दोघं वाकून बघत होतो.
शेवटी त्यानं 'इतर' दाबलं.

माझ्या वहीतला शेरा अजून कोरा आहे.
पेन टेकवते, उचलते.
ठकूबाई खालून हाका मारतीय,
काठी आज माझ्या दाराशी आहे.